कोळी चावला असे वाटते? घरी कधी थांबावे आणि दवाखान्यात कधी जावे

सकाळी उठल्यावर दंडावर किंवा मांडीवर लाल गाठ दिसते. हात लावला की दुखते, थोडी खाजही असते. रात्री काय झाले ते आठवत नाही. मग घरात कुणीतरी म्हणते, "कोळी चावला असेल." बहुतेक वेळा ही गाठ दोन-तीन दिवसांत आपोआप बसते आणि विषय संपतो. पण क्वचित प्रसंगी "कोळी असेल" या समजुतीवर घालवलेले चार-सहा तास जिवावर बेततात. त्याचे कारण सहसा कोळी नसतो, तर कोळी समजून दुर्लक्षिलेले दुसरे काहीतरी असते.

घरी थांबायचे की निघायचे, हे कसे ठरवावे याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- कोळी चावताना प्रत्यक्ष पाहिला असेल, त्रास फक्त त्या जागेपुरता असेल आणि बाकी तब्येत ठीक असेल, तर घरी उपचार करून २४ तास लक्ष ठेवणे पुरेसे असते.
- चावणारा प्राणी पाहिला नसेल आणि माणूस रात्री जमिनीवर झोपलेला असेल किंवा शेतात, गवतात, लाकूडफाट्यात काम करत असेल, तर साप किंवा विंचू चावला नाही हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.
- वेदना पोटात, पाठीत किंवा छातीत पसरणे, दरदरून घाम, उलट्या, पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ वर फोन करा.

## सगळेच कोळी विषारी असतात का?

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद आहे. त्यांतील जवळजवळ सर्वांकडे विष असते, पण ते माशी, डास, झुरळ अशा भक्ष्यापुरते असते. बहुतेक कोळ्यांचे दात माणसाच्या कातडीत नीट शिरतही नाहीत. ज्यांचे शिरतात, त्यांच्या चाव्याने मुंगी किंवा गांधीलमाशीच्या दंशाइतका त्रास होतो.

घराच्या भिंतीवर रात्री दिसणारा तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी पाहून अनेकांना धडकी भरते. मादी कधी पोटाखाली पांढरी, नाण्यासारखी अंड्यांची पिशवी घेऊन फिरताना दिसते. हा कोळी झुरळे खातो. डिवचल्याशिवाय तो चावत नाही, आणि चावला तरी गंभीर विषबाधा होत नाही.

भारतात ज्यांच्याकडे लक्ष द्यावे असे कोळ्यांचे मोजकेच गट आहेत.

विडो गटातील कोळी. मादीचे पोट वाटाण्यासारखे गोल आणि गुळगुळीत असते. अनेक जातींमध्ये पोटाच्या खालच्या बाजूला लाल किंवा नारिंगी खूण असते. तिचे जाळे विस्कटलेले असते आणि ते जमिनीलगतच्या कोरड्या कोपऱ्यात, कुंड्यांखाली, दगडांच्या फटीत किंवा न वापरलेल्या सामानात सापडते. चावताना टाचणी टोचल्यासारखे वाटते. खरा त्रास साधारण अर्ध्या तासापासून पुढच्या काही तासांत सुरू होतो. वेदना हातापायातून वर चढते, पोट आणि पाठ आवळल्यासारखी होते, दरदरून घाम येतो, मळमळते आणि रक्तदाब वाढतो. मृत्यू फार क्वचित होतो, पण वेदना असह्य असू शकते आणि एक ते तीन दिवस टिकू शकते.

रेक्लूज गटातील कोळी. हा लहान, तपकिरी आणि लपून राहणारा कोळी आहे. भारतात त्याच्या नोंदी थोड्या आहेत. चावा अनेकदा कळतही नाही. काही तासांनी जागा दुखू लागते, मधला भाग फिकट किंवा निळसर होतो, भोवती लाली येते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मधली कातडी काळी पडू शकते. फार थोड्या रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा ताप येतो, लघवी चहासारखी गडद होते आणि डोळे पिवळे दिसतात.

मोठे केसाळ कोळी, म्हणजे टॅरेंट्युला. सह्याद्रीच्या जंगलांत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या काही जाती आहेत. त्यांचा चावा खूप दुखतो, सूज येते आणि काही तासांनी स्नायूंमध्ये पेटके येऊ शकतात. हे पेटके काही दिवस अधूनमधून येत राहतात. जंगलात फिरणाऱ्यांनी आणि हे कोळी पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

## "कोळी चावला" हे निदान अनेकदा का चुकते?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका घराचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्या घरात सहा महिन्यांत २,०५५ रेक्लूज कोळी सापडले. चौघांचे कुटुंब तिथे राहत होते, आणि एकालाही कोळी चावल्याचे दिसले नाही. कोळी माणसाला शोधून चावत नाही. तो कपड्यात किंवा अंथरुणात दाबला गेला, तरच स्वतःला वाचवण्यासाठी चावतो.

म्हणून कोळी दिसलाच नसेल, तर अंगावरच्या जखमेचे दुसरे कारण असण्याची शक्यता जास्त असते. आपल्याकडे पुढील गोष्टी "कोळी" म्हणून अंगावर काढल्या जातात:

- गळू आणि कातडीचा जंतुसंसर्ग. गरम, दुखरी, दिवसागणिक मोठी होणारी आणि मध्ये पू धरणारी गाठ बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची असते. मधुमेह असलेल्यांमध्ये ती झपाट्याने वाढते.
- पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा किडा. मुंगीसारखा दिसणारा, लाल-काळ्या पट्ट्यांचा हा छोटा किडा चावत नाही. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातील द्रव कातडीला लागतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे लांबट, भाजल्यासारखा चट्टा उठतो.
- नागीण आणि ओठावरील फोड. पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके दिसले की "अंगावर कोळी फिरला" असे म्हटले जाते. हे फोड विषाणूंमुळे येतात. नागिणीवरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते. त्यामुळे लेप लावत बसू नका.
- स्क्रब टायफस. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली, सोबत ताप आणि डोकेदुखी अशी याची लक्षणे असतात. झुडपांत आणि गवतात असणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून हा आजार होतो. विदर्भात २०१८ मध्ये याचे बरेच रुग्ण आढळले होते. वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर तो बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कारण यांपैकी कोणतेही असले, तरी दुखणे वाढत असेल किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवणे हाच मार्ग आहे.

## कोळी समजून ज्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये असे दोन दंश

### मण्यार

मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. त्याचे दात बारीक असतात. चावा फारसा दुखत नाही, सूज येत नाही, आणि खूण कधी दिसतही नाही. त्यामुळे झोपेत काहीतरी चावल्यासारखे वाटले तरी माणूस "कोळी किंवा मुंगी असेल" म्हणून पुन्हा झोपतो.

त्रास काही तासांनी, बऱ्याचदा पहाटे सुरू होतो. पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. मग पापण्या जड होतात, एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि डोळ्यांवर झापड ही दोन लक्षणे एकत्र आली, तर चाव्याची खूण शोधत वेळ घालवू नका, लगेच निघा. मण्यारीच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे. श्वास थांबण्याआधी रुग्णालय गाठले तर रुग्ण वाचू शकतो.

### लाल विंचू

कोकणात आणि राज्याच्या इतर कोरड्या, खडकाळ भागांत लाल विंचू आढळतो. अंधारात डंख बसला तर तो विंचवाचा की आणखी कशाचा हे कळत नाही. डंख सहसा खूप दुखतो, पण त्याचा धोका हृदयाला आणि फुप्फुसांना असतो. दरदरून घाम, वारंवार उलट्या, थंडगार हातपाय, छातीत धडधड, धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत. लहान मुलांची प्रकृती फार लवकर बिघडते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळू लागले. गोळी मात्र रक्तदाब पाहून डॉक्टरांनीच द्यायची असते. ती घरी देऊ नका.

## निर्णय कसा घ्यावा?

प्राणी ओळखता आला नाही तरी शरीरात काय बदल होत आहेत आणि किती वेळात, हे तुम्हाला पाहता येते. चावल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा आणि पुढीलप्रमाणे ठरवा.

### लगेच निघा किंवा १०८ वर फोन करा

- श्वास लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, शुद्ध हरपणे
- ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, अंगभर पित्त उठणे
- पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळायला किंवा बोलायला त्रास
- चाव्याच्या जागेपासून वेदना पोट, पाठ किंवा छातीपर्यंत पसरणे, पोट लाकडासारखे कडक होणे
- दरदरून घाम, वारंवार उलट्या, थंड हातपाय
- हिरड्यांतून, लघवीतून किंवा जखमेतून न थांबणारे रक्त
- लहान मूल सतत रडत असणे, शांतच न होणे, किंवा अचानक मलूल होणे

### लक्षणे नसली तरी त्याच वेळी तपासून घ्या

- चावणारा प्राणी दिसला नाही आणि साप किंवा विंचू असण्याची थोडीही शक्यता आहे
- रुग्ण पाच वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री किंवा वृद्ध व्यक्ती आहे
- हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार आहे
- चावा डोळ्याजवळ, मानेवर किंवा गुप्तांगावर आहे
- पोट गोल व चकचकीत आणि त्यावर लाल खूण असलेला कोळी चावताना पाहिला आहे

### २४ तासांच्या आत दाखवा

- लाली किंवा सूज कमी होण्याऐवजी वाढते आहे, किंवा वर चढणारी लाल रेघ दिसते
- जखमेचा मधला भाग निळसर, जांभळा किंवा काळा होत आहे
- ताप, थंडी, सांधेदुखी आहे किंवा लघवी गडद होत आहे. लघवी तांबडी किंवा चहाच्या रंगाची झाली असेल तर त्याच दिवशी जा
- पू येत आहे किंवा वेदना साध्या गोळीने थांबत नाही

### घरी थांबायला हरकत नाही

कोळी नक्की पाहिला आहे, लाली रुपयाच्या नाण्याएवढी आहे, दुखणे सहन होण्यासारखे आहे आणि माणूस नेहमीप्रमाणे खातो, बोलतो, चालतो. अशा वेळी पहिले सहा तास बारीक लक्ष ठेवा आणि माणसाला एकटे सोडू नका. त्यानंतर २४ तासांपर्यंत अधूनमधून विचारपूस करा. कातडीकडे तीन दिवस रोज एकदा पाहा.

## घरी काय करावे?

१. जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा.

२. अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत.

३. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा, थोडे थांबून पुन्हा लावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका.

४. हात किंवा पाय उंचावर ठेवून विश्रांती घ्या. मात्र साप चावल्याची शंका असेल तर तो अवयव हलू न देता आहे तसा ठेवा, रुग्णाला चालवू नका आणि थेट रुग्णालयात न्या.

५. वेदनेसाठी पॅरासिटामॉल घेता येते. मुलांना मात्रा वजनाप्रमाणे द्या.

६. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेली का, हे नेमके कळते.

७. कोळी दिसला असेल तर मोबाइलवर फोटो काढा. तो मेला असेल तर झाकणाच्या डबीत घालून न्या. जिवंत पकडायच्या मागे लागू नका.

## हे करू नका

- ब्लेडने चीर देऊ नका, रक्त तोंडाने ओढू नका.
- दोरी किंवा रुमाल करकचून बांधू नका.
- चुना, तंबाखू, रॉकेल, शेण, पेस्ट लावू नका. गरम पळीचा चटका देऊ नका.
- उरलेली प्रतिजैविके किंवा स्टिरॉइडचे मलम स्वतःच्या मनाने वापरू नका.
- मंत्र, उतारा, झाडपाला यांत पहिले तास घालवू नका. घरच्यांची श्रद्धा असेल तर रुग्णालयात पोहोचल्यावर काय ते करा.

मे २०१२ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील सदिया भागात कोळ्यांची मोठी भीती पसरली आणि दोन मृत्यूंचा संबंध कोळ्यांच्या चाव्याशी जोडला गेला. मृतांचे शवविच्छेदन झाले नव्हते. त्यांच्यावर आधी स्थानिक वैदूंनी ब्लेडने चिरा देऊन उपचार केल्याचे सांगितले गेले. मृत्यू विषाने झाला की उपचाराने, हे कधीच सिद्ध झाले नाही.

## रुग्णालयात काय केले जाते?

डॉक्टर आधी नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातील प्राणवायू आणि पापण्या व मानेची ताकद पाहतील. घोणस किंवा फुरसे या सापांची शंका असल्यास काचेच्या स्वच्छ नळीत थोडे रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते का, हे पाहिले जाते. विंचवाची शंका असल्यास हृदयाचा आलेख काढला जातो.

कोळ्याच्या विषावरचे प्रतिविष भारतात तयार होत नाही, आणि सापावरचे प्रतिविष कोळ्याच्या विषावर चालत नाही. त्यामुळे "कोळी चावलाय, तरी एक इंजेक्शन देऊन टाका" असा आग्रह धरू नका. विडो कोळ्याच्या चाव्यावर तीव्र वेदनाशामके, स्नायूंचे पेटके सैल करणारी औषधे आणि रक्तदाबाची देखरेख हेच उपचार असतात. बहुतेक रुग्ण काही दिवसांत पूर्ण बरे होतात. प्राणी माहीत नसेल तर डॉक्टर २४ तास दाखल करून घेऊ शकतात. काहीच होत नाही म्हणून मध्येच घरी निघू नका. मण्यारीची लक्षणे उशिरा दिसू शकतात, त्यासाठीच ही देखरेख असते.

जाताना ही माहिती सांगा: चावल्याची वेळ, ठिकाण, काय दिसले, पहिले लक्षण कधी आले, घरी काय लावले किंवा दिले, चालू औषधे आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन बारीक छिद्रे दिसली म्हणजे सापच चावला का?
छिद्रांवरून खात्रीने सांगता येत नाही. मण्यारीची खूण न दिसणे शक्य आहे, आणि साध्या किड्याचे दोन चावे शेजारी असू शकतात. लक्षणांवर लक्ष ठेवा.

धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे का?
लसीकरण पूर्ण झालेले असेल आणि शेवटचा डोस दहा वर्षांच्या आत घेतला असेल, तर लहान स्वच्छ जखमेसाठी सहसा गरज नसते. जखम मातीने मळलेली असेल तर ही मर्यादा पाच वर्षे धरतात. नक्की आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

बाळाने कोळी तोंडात घातला. आता?
कोळ्याचे विष टोचले गेले तरच त्रास होतो. गिळलेला कोळी सहसा अपाय करत नाही. तोंड पुसून घ्या, ओठ आणि जीभ पाहा. सूज, लाळ गळणे किंवा सतत रडणे दिसले तर लगेच दवाखान्यात न्या.

आमची मुले ऑस्ट्रेलियात आहेत. तिथे काय वेगळे?
तिथे सिडनीच्या आसपासच्या फनेल वेब कोळ्याचा चावा ही खरी आणीबाणी असते. मोठा, काळा कोळी चावला तर संपूर्ण हात किंवा पाय रुंद पट्टीने घट्ट गुंडाळावा, अजिबात हलवू नये आणि ००० वर फोन करावा. त्यावरचे प्रतिविष १९८१ पासून उपलब्ध आहे. रेडबॅक कोळ्याच्या चाव्यावर मात्र पट्टी बांधत नाहीत, बर्फ लावून वैद्यकीय मदत घेतात.

## चावा टाळण्यासाठी

अंथरूण घालण्याआधी झटका. शक्य असेल तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. त्याने डास, कोळी, विंचू आणि मण्यार या सगळ्यांपासून बचाव होतो. बाहेर ठेवलेले बूट आणि दोरीवरचे कपडे झटकून घाला. माळ्यावरचे सामान, विटा किंवा सरपण हलवताना हातमोजे वापरा. रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्या. घराभोवतीचा अडगळीचा ढीग काढला की उंदीर कमी होतात, आणि उंदरांमागे येणारे सापही.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे आजच विचारून ठेवा. गरज पडेल तेव्हा कुठे जायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.